वाचकांचे प्रश्न : धंदा रक्तात असतो का?

देशाच्या आर्थिक विकासावर तेथील संस्कृतीचा प्रभाव किती पडतो, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी विचारला गेलेला आहे.

प्रश्न : आमचे घराणे पाच पिढ्यांपासून बडोद्यात आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या हिशेब खात्यात होते, आजोबा रेल्वेत, वडील शाळेत, आणि मी बँकेत नोकरी केली. आता माझ्या मुलाने नोकरी सोडून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना काढायचे ठरवले आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की धंदा आपल्या रक्तात नाही, तो गुजराती माणसानेच करावा. समाजाची संस्कृतीच त्याची आर्थिक प्रगती ठरवते, हे खरे मानावे काय? आणि जे एका समाजाला लागू पडते ते देशालाही लागू पडते काय?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : रक्ताचा यात काहीही संबंध नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. सवयींचा, ओळखीपाळखीचा आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांचा संबंध मात्र आहे, आणि तो पुष्कळ आहे.

गायकवाडांबरोबर जी दक्षिणी कुटुंबे गुजरातेत आली ती फौज, महसूल आणि दरबार यांच्या आधाराने आली. संस्थानातल्या वरच्या जागा बराच काळ त्यांच्याकडे राहिल्या. ज्या घरात दरमहा ठरलेली रक्कम येते, आणि मुलगा शिकला तर त्यालाही तशीच रक्कम मिळेल अशी खात्री असते, त्या घरात भांडवल जोखमीत घालणे हा शहाणपणा ठरत नाही. अक्षर चांगले असणे, हिशेब चोख ठेवणे आणि वरिष्ठांचा विश्वास संपादन करणे हा शहाणपणा ठरतो. दोन-चार पिढ्या असे चालले की ती परिस्थितीतून आलेली निवड आहे हे विस्मरणात जाते आणि तो स्वभाव समजला जातो. शेजारच्या वाण्याच्या घरात मुलगा शाळा सुटल्यावर पेढीवर बसत होता, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये हे जेवताना ऐकत होता, दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या वहीला हात जोडत होता. त्याचाही स्वभाव असाच घडला.

वडीलधाऱ्या मंडळींना दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोदे सरकारला कर्ज पुरवणाऱ्या पेढ्यांमध्ये हरिभक्तींची गुजराती पेढी होती, तशी गोपाळराव मैराळ यांची दक्षिणी पेढीही होती. सावकारी, म्हणजे त्या काळातला सर्वांत मोठा धंदा, मराठी घराला याच शहरात जमला होता. दुसरी गोष्ट अलेंबिक कंपनीची. 1907 साली उभ्या राहिलेल्या या रसायनांच्या कारखान्यामागे तीन माणसे होती : सुतार समाजातून आलेले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, मराठी कोटिभास्कर आणि पाटीदार भाईलाल अमीन. वेगवेगळ्या समाजांतली ही माणसे प्रयोगशाळेने एकत्र आणली. याच गज्जरांनी 1890 साली सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर कलाभवन सुरू केले होते आणि रंगाई, यंत्रकाम, चित्रकला असे विषय शिकवणारी ती संस्था त्या काळी देशभरातल्या विद्यार्थ्यांना बोलावत होती. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. हात काळे करण्याची विद्या ही शिकण्याजोगी विद्या आहे, हे दरबारानेच मान्य केल्यावर प्रतिष्ठेची कल्पना बदलू लागली.

तरीही धंद्यातल्या सवयींचे वजन कमी लेखू नये. आपल्या मुलाला पहिली अडचण यंत्राची येणार नाही, उधारीची येईल. पोलादाचा व्यापारी नव्या माणसाला रोखीने माल देतो आणि ओळखीच्या घरातल्या मुलाला दोन महिन्यांच्या मुदतीवर देतो. त्याउलट तयार माल घेणारी मोठी कंपनी पैसे तीन महिन्यांनी देते. मधल्या काळात पगार, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. ज्याच्या काकाची पेढी आहे तो हे महिने निभावून नेतो; ज्याचे सगळे काका पेन्शनर आहेत तो अनेकदा चांगला माल बनवूनही बुडतो. पोलादाचा व्यापारी जे विचारतो ते इतकेच की हा मुलगा कोणाचा. या एका प्रश्नात आपण ज्याला समाजाची संस्कृती म्हणतो तिचा मोठा भाग सामावलेला आहे : बुडवले तर तक्रार कोणाकडे न्यायची हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो विश्वास टाकतो.

असा आपापसातला विश्वास समाजाला वर काढतो तसा अडकवूनही ठेवतो. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईतल्या दादर भागातल्या शाळांचा अभ्यास करून 2006 साली जे मांडले ते मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. ज्या जातींतील पुरुषांना गिरण्या-कारखान्यांत ओळखीने काम मिळत आले होते, त्या घरांनी मुलांना मराठी शाळेतच ठेवले, इंग्रजी शिक्षणाचा मोबदला 1990 नंतर झपाट्याने वाढला तरीही. मुलींना अशी ओळखीची वाट कधी उपलब्धच नव्हती, त्यामुळे त्याच घरांतल्या मुली इंग्रजी शाळांकडे लवकर वळल्या. कालपर्यंत ज्या ओळखीने घर चालवले तिनेच मुलग्यांची पुढची वाट रोखून धरली.

आता देशाचा प्रश्न. माझे मत असे आहे की कुठल्याही देशाची संस्कृती त्याच्या अर्थकारणाला सर्वांत जास्त मदत किंवा इजा करते ती एकाच ठिकाणी : कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे ती जिथे ठरवते तिथे. कष्टाळूपणा, काटकसर, शिस्त हे गुण बहुतेक सर्व समाजांत सापडतात. ते वापरायची मुभा सर्वांना नसते. याचा सर्वांत वेदनादायक दाखला आपल्याच शहरातला आहे.

सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथे अर्थशास्त्र शिकून, पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून, करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी ते 1917 साली बडोद्यात आले. पुढेमागे त्यांच्याकडे अर्थखाते सोपवावे असे महाराजांच्या मनात होते. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव नोंदवून त्यांनी खोली घेतली. कचेरीत शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव मुसाफिरखान्यात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्यास त्यांना बजावले गेले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळले. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांना कमाटीबागेत बसून काढावा लागला. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो.

या घटनेकडे अन्याय म्हणून तर पाहावेच, पण हिशेब खात्यातल्या घराण्यातले वाचक म्हणून आपण तिचा आर्थिक हिशेबही मांडून पाहावा. ज्या संस्थानाने 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1908 साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली आणि 1910 नंतर गावोगाव पुस्तकालये उभारली, त्या संस्थानाने आपल्याच पैशाने तयार केलेला अर्थशास्त्रज्ञ काही दिवसांत गमावला. त्याच माणसाने 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर लंडन विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळवली आणि 1925 साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. राजाची इच्छा होती, कायदा आड येत नव्हता, पैसा खर्च झालेला होता. घरमालक, खानावळवाले आणि शिपाई यांच्या मनातली रूढी एवढ्या सगळ्याला पुरून उरली. जात ही केवळ कामाची विभागणी नसून कामगारांचीही विभागणी आहे, असे आंबेडकरांनी 1936 साली लिहिले, त्यामागे हा अनुभव होता. चांगली व्यवस्था आणली की संस्कृती आपोआप मागे सरते असे मानणाऱ्यांनी बडोद्याचे हे उदाहरण विसरू नये.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही दूर नाही. आणंदला 1946 साली खेडा जिल्हा दूध संघ सुरू झाला, आणि त्या धर्तीवर गावोगाव ज्या मंडळ्या निघाल्या त्या कधी सकाळी जाऊन पाहाव्यात. बाई चरवी घेऊन रांगेत उभी राहते, दूध मापात ओतले जाते, छोट्या बाटलीत नमुना काढून त्यातली स्निग्धता मोजली जाते आणि त्या आकड्यावर पैसे ठरतात. पुढे कोण उभे आहे आणि मागे कोण, कोणाचे दूध कोणाच्या दुधात मिसळले, याला तिथे जागाच राहत नाही, कारण सगळे एकाच टाकीत जाते. गावातली जात त्यामुळे संपली असे मी म्हणणार नाही. पाणवठे आणि वस्त्या वेगळ्या असलेली गावे आजही आहेत. परंतु दुधाच्या रांगेपुरती ती निष्प्रभ झाली, आणि भूमिहीन घरातल्या एका म्हशीलाही बाजारभाव मिळू लागला.

आपल्या मुलाला माझे सांगणे इतकेच की त्याने वर्षभर एखाद्या चालू कारखान्यात खरेदी आणि वसुलीचे काम पाहावे. यंत्रावरचे काम तो शिकलेला असेलच. 'हा मुलगा कोणाचा' या प्रश्नाला पर्याय ठरणाऱ्या सोयी आज उपलब्ध आहेत. उद्यम नोंदणी असली की लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर येते, आणि सरकारी पतहमी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. बँकेत आयुष्य घालवलेल्या वडिलांना ही कागदपत्रे नव्याने शिकावी लागणार नाहीत. मुलाला ओळखीची पेढी नसली तरी हा आधार आहे, आणि तो लहान नाही.

प्रश्न : जपान आणि दक्षिण कोरिया शिस्तीमुळे पुढे गेले आणि आपण दैववादामुळे मागे राहिलो, असे आमच्या महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेत एका वक्त्याने मांडले आणि त्याला पहिले बक्षीस मिळाले. हे मत शास्त्राला धरून आहे का?
— एक विद्यार्थिनी, सयाजीगंज, बडोदे

उत्तर : भाषण चांगले झाले असेल, पण मत टिकणारे नाही. संस्कृतीवरून विकासाचे भाकीत करणाऱ्यांची अडचण ही असते की एकच संस्कृती आधी मागासलेपणाचे कारण म्हणून सांगितली जाते आणि प्रगती झाल्यावर तीच प्रगतीचे कारण ठरते. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1904-05 मध्ये प्रॉटेस्टंट धर्मातील कष्ट आणि संयम यांच्या शिकवणीचा भांडवलशाहीच्या उदयाशी संबंध जोडला. पुढे त्याने चीन आणि भारत यांचा विचार करताना कन्फ्यूशियसची परंपरा आणि हिंदू परंपरा अशा विकासाला पोषक नाहीत असा निष्कर्ष काढला. पूर्व आशियाची भरभराट झाल्यानंतर अनेक लेखक तिचे श्रेय त्याच कन्फ्यूशियसला देऊ लागले : शिक्षणाचा आदर, वडीलधाऱ्यांचे ऐकणे, बचत. हे गुण शंभर वर्षांपूर्वीही तिथे होतेच.

कोरियाचे उदाहरण तर या मताच्या अगदी विरुद्ध जाते. 1945 साली त्या देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा दोन्हीकडे भाषा एक, अन्न एक, पितरांची पूजा एक होती. आज एका बाजूला जगातल्या आघाडीच्या उद्योगप्रधान देशांपैकी एक आहे आणि दुसऱ्या बाजूला अन्नधान्याची टंचाई वारंवार उद्भवते. दक्षिणेत जमीन कुळांकडे गेली, 1960 नंतर निर्यात करणाऱ्या कारखान्यांना स्वस्त कर्ज मिळाले आणि निर्यातीचे ठरलेले उद्दिष्ट न गाठणाऱ्यांची सवलत काढून घेण्यात आली. शिस्त लोकांत होती हे मान्य. परंतु तिला कामाला लावणारी धोरणे एका बाजूलाच होती.

आपल्याकडे 1970च्या दशकात राज कृष्ण या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे साडेतीन टक्क्यांच्या वाढीला 'हिंदू वाढीचा दर' असे नाव दिले. ते नाव इतके रूढ झाले की धर्मामुळेच वाढ खुंटली असे पुष्कळांना वाटू लागले. वस्तुतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्रजी राजवटीत, वाढीचा दर एका टक्क्याच्या आसपास होता, म्हणजे साडेतीन टक्के ही त्या मानाने मोठी झेप होती. 1980 नंतर दर आणखी वाढला. लोकांनी देवधर्म सोडला नव्हता. परवाने, आयात आणि गुंतवणूक यांचे नियम बदलत गेले होते.

वेबरच्या मताची एक तपासणी मला फार मोलाची वाटते, आणि ती वादविवादात आपल्याला उपयोगी पडेल. साशा बेकर आणि लुडगर व्योसमान यांनी 2009 साली एकोणिसाव्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्याची जिल्हावार आकडेवारी तपासली. प्रॉटेस्टंट जिल्हे अधिक संपन्न होते हे खरे निघाले, पण त्या संपन्नतेचा उलगडा बऱ्याच अंशी साक्षरतेने होत होता. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावे असे मार्टिन ल्यूथरचे सांगणे होते, म्हणून शाळा निघाल्या, मुलींच्याही. आणि वाचता येऊ लागलेली माणसे हिशेब, करार, यंत्राची माहिती हे सगळे वाचू लागली. धर्माचा प्रभाव होता, पण तो शाळेच्या वाटेने आला. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला तेव्हा त्यांनी हीच वाट धर्माच्या आधाराशिवाय काढली.

दैववादाबद्दल एवढेच म्हणेन की ज्या शेतकऱ्याचे पीक पावसावर अवलंबून आहे, त्याने दैवाचे नाव घेणे हा त्याच्या अनुभवाचा भाग आहे. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते असे म्हणणारे शेतकरीही होते, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगर चांगला आहे हे शेजारच्या रानात दिसू लागल्यावर तेच शेतकरी तो घेऊ लागले.

प्रश्न : माझ्या सुनेने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे आणि तिला हालोलच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी मिळत आहे. घरातल्या पुरुषांना ते पसंत नाही. बायकांनी बाहेर काम न करण्याच्या आपल्या रीतीचा देशाच्या उत्पन्नावर खरोखर परिणाम होतो का, की हे फक्त सभेत बोलायचे असते?
— एक गृहिणी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : परिणाम होतो, आणि तो मोजता येतो. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होते. 2023-24 मध्ये ते 41.7 टक्के झाले. वाढ दिलासा देणारी आहे, परंतु तिचा बराचसा भाग ग्रामीण भागात स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या व्यवसायात विनावेतन राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. पगारी आणि कौशल्याच्या कामात, म्हणजे आपल्या सुनेला मिळत आहे तशा कामात, स्त्रिया अजून थोड्या आहेत. दोन-तीन वर्षे सरकारी तंत्रनिकेतनात शिकवून तयार केलेले कौशल्य उंबऱ्याच्या आत राहिले तर तो खर्च घराचाही वाया जातो आणि सरकारचाही.

रीत बदलत नाही असे कोणी म्हणाले तर त्यांना बांगलादेश दाखवावा. पडद्याची चाल असलेल्या त्या देशात 1979 साली देश गारमेंट्स या कंपनीने 130 कामगारांना प्रशिक्षणासाठी कोरियात पाठवले, त्यांत स्त्रियाही होत्या. तिथून शिवणकामाचे कारखाने वाढत गेले आणि एका पिढीत लाखो मुली गाव सोडून ढाक्याला कामाला जाऊ लागल्या. या कारखान्यांत मजुरी कमी होती, सुरक्षेची हेळसांड होती, 2013 साली राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्या कामाचे गुणगान मी करणार नाही. पण मुलीला मिळणारा पगार पाहून लग्नाचे वय आणि शाळेतली वर्षे दोन्ही वाढली, हे तिथल्या घरांनी स्वतः ठरवले.

आपल्या कायद्यातही रीत शिरलेली होती. 1948च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रीच्या पाळीत घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता, परिणाम मात्र असा झाला की पाळीवर चालणाऱ्या कारखान्यांनी बायकांना घेणेच टाळले. अलीकडे अनेक राज्यांनी वाहन, उजेड, सोबत आणि स्त्रीची लेखी संमती अशा अटी घालून ती बंदी सैल केली आहे.

घरातल्या पुरुषांशी मानमर्यादेवरून वाद घालण्यापेक्षा, सुनेने कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला काही गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवीन. बस मांजलपूरच्या नाक्यापर्यंत येते की महामार्गावर सोडते, पाळी सुटल्यावर बसमध्ये आणखी किती स्त्रिया असतात, रात्रपाळी किती आठवड्यांनी येते, स्त्रियांसाठी विश्रांतीची खोली आणि पाळणाघर आहे का, आणि तक्रार निवारण समितीत कोण आहे. उत्तरे लेखी मागावीत. हालोलच्या मोटार कारखान्यांत आज जुळणीच्या कामावर मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी एखादी जवळपास राहत असेल तर सासरेबुवांना तिच्या घरच्यांशी प्रत्यक्ष बोलू द्यावे. आणि आपण स्वतः सासू म्हणून सकाळच्या डब्याची व नातवंडांची जबाबदारी किती उचलणार, हे तिला रुजू होण्याच्या तारखेआधी सांगून टाकावे.